अकरा नंबरची हजेरी

गुरुवारी भर दुपारी, बारा वाजून दहा मिनिटांनी, अकरा नंबरच्या चौकीवर एक माणूस हजर असल्याचं भूकर्णानं कळवलं. हत्तरवाडीच्या पठारावर तेव्हा असं रणरणतं ऊन होतं, की सावली सोडून कुत्रंसुद्धा बाहेर पडत नव्हतं. शर्यत रविवारी होती. ट्रॅकवर चाचणीची एकच गाडी फिरत होती आणि कंट्रोल रूममध्ये दोनच माणसं होती. एक विशाखा इंगवले, इथली रेस डायरेक्टर. म्हणजे शर्यत सुरू करणारी, थांबवणारी, आणि काही विपरीत घडलं तर जिच्या नावानं खडे फोडायचे ती बाई. दुसरा तौसीफ बागवान, भूकर्णाची देखभाल करणारा इंजिनिअर.

"अकरावर कोण गेलंय रे?" विशाखानं विचारलं.

"कोणी नाही, मॅडम. अकरा नंबर या वर्षी बंदच आहे की."

"मग हा हिरवा दिवा काय आपोआप पेटला?"

तौसीफनं कॅमेरा लावला. पत्र्याचा आडोसा, लोखंडी कठडा, वाळलेलं गवत. चिटपाखरू नाही. पडद्यावर मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं: चौकी अकरा, माणूस एक, कठड्याच्या आत.

"जरा आवाज लाव बघू."

तौसीफनं स्पीकर चालू केला. आधी नुसती खरखर आली. मग पावलं. एक पाऊल ठाम पडायचं, दुसरं घासत यायचं. ठाम, मग घासत. पाच-सहा पावलं झाली आणि काठी दोनदा आपटल्याचा आवाज आला, ठक ठक. त्यानंतर सगळं शांत.

विशाखानं हात लांब करून स्पीकर बंद केला. घासत पडणारं ते डावं पाऊल तिच्या ओळखीचं होतं. ट्रॅक्टरखाली पाय सापडल्यापासून अकरा नंबरच्या चौकीवरचा बसाप्पा हुक्केरी तसाच चालायचा. आणि बसाप्पाला जाऊन येत्या रविवारी एक वर्ष होत होतं.

आता हे भूकर्ण काय प्रकरण आहे, ते सांगायलाच हवं. शर्यतीच्या गाड्या विजेच्या झाल्या आणि त्यांचा आवाज गेला. पूर्वी वळणावरच्या मार्शलला, म्हणजे हातात झेंडा घेऊन उभ्या असणाऱ्या माणसाला, गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. आता गाडी सळकन अंगावर येते, तेव्हाच कळते. म्हणून शर्यती भरवणाऱ्या महासंघानं डांबराखाली काचेचा एक धागा घातला, केसाएवढा बारीक आणि ट्रॅकभर लांब. त्या धाग्यात दोन्ही टोकांकडून लेसरचा प्रकाश सोडतात. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतातच, आणि त्या दोषांवर आपटून थोडा प्रकाश मागं फिरतो. जमीन थरथरली की धागा ताणला जातो आणि परतणारा प्रकाश किंचित बदलतो. तो किती वेळानं परतला त्यावरून जागा कळते, कसा बदलला त्यावरून थरथर कळते. थोडक्यात, ट्रॅकच्या प्रत्येक मीटरला एक कान फुटला. यंत्रानं हळूहळू शिकून घेतलं, की हे टायर आहे, हा गळून पडलेला नट आहे, हे माणसाचं पाऊल आहे. पुढंपुढं तर कुणाचं पाऊल आहे तेही.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मोबाइलवर बोलताना मधला एखादा शब्द गळाला तर मोबाइल अंदाजानं ती फट बुजवतो, तशी सोय यातही केली होती. एखादा मीटर काही कारणानं मुका झाला, तर त्या जागी त्या वेळी एरवी काय ऐकू आलं असतं ते भूकर्ण स्वतःच्या आठवणीतून भरून काढायचा. अशी भरलेली जागा पडद्यावर राखाडी दिसायची. खरी जागा हिरवी, अंदाजाची राखाडी.

आणि तो राखाडी रंग विशाखानंच काढायला लावला होता. तिचंही काही अगदीच चुकलं होतं असं नाही. गाडी ताशी तीनशे किलोमीटरनं येत असते, निर्णयाला हातात तीन सेकंद असतात, आणि पडद्यावरचा राखाडी ठिपका बघून खोलीतली चार माणसं एकमेकांची तोंडं बघत बसतात. वैतागून तिनं लेखी कळवलं होतं, 'मला बहुतेक, कदाचित, असेल असलं काही नको. हो की नाही, एवढंच दाखवा.' भूकर्ण बनवणाऱ्या कंपनीनं ते तंतोतंत पाळलं.

"धागा तुटलाय, मॅडम," तासाभरानं तौसीफ ट्रॅकवरून येऊन म्हणाला. ऊन लागून त्याचा चेहरा लाल झाला होता. "अकरा नंबरपाशी चाळीस मीटर पूर्ण बहिरे आहेत. जाहिरातीच्या फलकाचा खड्डा काढताना जेसीबीनं तोडलाय. यंत्र जुन्या आठवणीतली पावलं ऐकवतंय."

"कधी तुटला?"

तौसीफनं बाहीनं घाम पुसला.

"अरे, कधी तुटला ते विचारतेय मी."

"गेल्या वर्षी. शर्यतीच्या बारा दिवस आधी. यंत्राच्या नोंदीत तारीख आहे."

विशाखा खुर्चीत बसली. गेल्या वर्षी एकतिसाव्या फेरीत एका गाडीचा पत्रा निखळून अकरा नंबरपाशी पडला होता. तो उचलायला बसाप्पा कठड्याबाहेर उतरला आणि पुढच्या गाडीनं त्याला उडवलं. त्या क्षणी पडद्यावर काय होतं ते विशाखाला आजही पाठ होतं: ट्रॅक मोकळा, माणूस कठड्याच्या आत. म्हणजे त्या दिवशीही जमिनीनं काही ऐकलं नव्हतं. बसाप्पा एरवी त्या वेळी जिथं उभा असायचा, तिथंच यंत्रानं त्याला उभा करून ठेवला होता.

पण एवढंच असतं तर यंत्रावर खापर फोडून ती मोकळी झाली असती. एक गोष्ट आणखी होती आणि ती तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

मार्शल कठड्याबाहेर पाय टाकण्याआधी रेडिओवर बोलतो, हा इथला पहिल्यापासूनचा रिवाज. "अकरा, उतरतोय," असं म्हणायचं, कंट्रोल रूममधून "उतरा" आलं की मगच उतरायचं. बसाप्पा तर बोलण्याआधी झेंड्याची काठी दोनदा खाली आपटायचा. घसा साफ करावा तशी त्याची ती सवय. गेल्या वर्षी त्या दिवशी महासंघाचे अध्यक्ष उदयसिंह शितोळे परदेशी पाहुण्यांना घेऊन कंट्रोल रूममध्ये आले होते. वीस चौक्यांचा रेडिओवरचा कालवा पाहुण्यांच्या कानाला बोचत होता. शितोळ्यांनी बोलता बोलता दोन बोटांनी खूण केली आणि विशाखानं न बघताच रेडिओचा आवाज बारीक केला. पडदा होताच की समोर. ते बटण तिच्या उजव्या हाताशी होतं. आजही तिथंच होतं.

चौकशीत तिनं लिहून दिलं, 'नियंत्रण कक्षाला कोणताही संदेश मिळाला नाही.' संदेश आला होता की नाही, हे तिला माहीतच नव्हतं. जे माहीत नाही ते झालंच नाही, असं तिनं सही करून दिलं. बसाप्पा परवानगी न घेता उतरला, असा निकाल लागला. गेलेल्या मार्शलचं नाव त्याच्या चौकीच्या खांबावर रंगवायची इथली पद्धत आहे. बसाप्पाचं नाव रंगवलं नाही. तेव्हापासून विशाखाच्या घरी टीव्हीचा आवाज कमी करायलासुद्धा तिचा हात धजत नसे. नवरा चिडायचा, म्हणायचा, "बहिरी झालीस की काय?"

शुक्रवारी सकाळी ती शितोळ्यांकडे गेली.

शितोळे म्हणजे बडं प्रस्थ. ओसाड माळावर हा ट्रॅक त्यांनी उभा केला, आणि बायका फक्त बक्षीस द्यायला उभ्या राहायच्या त्या काळात विशाखाला रेस डायरेक्टर केलं तेही त्यांनीच. त्या उपकाराची जाणीव तिला होती. तिला नसती, तर त्यांनी करून दिली असती. रविवारी शर्यत संपली की महासंघाची निवडणूक होती. जागतिक संघटनेचे प्रतिनिधी भूकर्ण बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली की जगभरच्या ट्रॅकखाली हाच धागा जाणार, आणि मग शितोळ्यांना खुर्चीवरून हलवायची कुणाची टाप नव्हती. त्यासाठीच त्यांनी या वर्षी वीसपैकी नऊ चौक्यांवरची माणसं काढली होती. पुढच्या वर्षी सगळीच काढायची होती.

त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा मागवला.

"आज धागा जोडला तर प्रमाणपत्र नव्यानं काढावं लागेल. पंधरा दिवस जातील," ते म्हणाले. "सोमवारी जोडू."

"साहेब, पण पडद्यावर अकराला माणूस दिसतोय. तिथं माणूस नाही."

"मग एक उभा करा की." शितोळे हसले. "अहो इंगवलेबाई, पडदा म्हणतो माणूस आहे, तुम्ही माणूस ठेवा. पडदाही खरा आणि तुम्हीही खऱ्या. एवढ्याशा गोष्टीसाठी डोकं कशाला पिकवता?"

"ती जागा बहिरी आहे, साहेब. तिथं उभा राहील त्याचं काही झालं तर..."

"काही होणार नाही. एक दिवसाचा प्रश्न आहे." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आणि गेल्या वर्षीचं तुम्ही उकरायला निघालात, तर चौकशीतला कागद पुन्हा वर येईल. त्यावर सही कुणाची आहे?"

तिनं मान हलवली. चहा तसाच ठेवून ती उठली. आपण मान होकाराची हलवली की नकाराची, हे तिचं तिलाच जिना उतरेपर्यंत कळलं नाही.

दुपारी हेरवाडकरांचा निरोप आला. नंदकुमार हेरवाडकर म्हणजे संघमालकांचे पुढारी आणि निवडणुकीत शितोळ्यांचे प्रतिस्पर्धी. गोड बोलणारा माणूस. त्यांना वास लागलाच होता. गॅरेजच्या मागं गाडीच्या टायरांच्या ढिगाशी उभं राहून त्यांनी तिची फार चौकशी केली. झोप लागते का, मुलं काय म्हणतात, वगैरे.

"धागा तुटल्याची नोंद मला द्या," ते शेवटी मुद्द्यावर आले. "मतदानाआधी मी ती वाचून दाखवतो. शितोळे संपला म्हणून समजा."

"आणि मार्शल? त्यांना परत घ्याल?"

"भूकर्ण बंद नाही हो करता येणार. जग त्या दिशेनं चाललंय. पण तो चांगल्या हातात हवा, एवढंच." त्यांनी मिशीवर बोट फिरवलं. "तुमच्या जबाबाला धक्का लागणार नाही, ते माझ्याकडं लागलं. संदेश आला नव्हता, तो माणूस आपणहून उतरला, त्यात यंत्रानं चुकीचं दाखवलं. एवढं पुरेसं आहे."

काय माणसं असतात पाहा! एकाला बसाप्पा जिवंत दाखवून निवडणूक जिंकायची होती, दुसऱ्याला मेलेला दाखवून. आणि विशाखाचं खोटं दोघांनाही हवंच होतं. "विचार करते," असं म्हणून ती निघाली, आणि वाटेत गाडी थांबवून पाच मिनिटं नुसती स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसली.

शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत निलव्वा कंट्रोल रूमच्या दारात येऊन उभी राहिली. निलव्वा ही बसाप्पाची बायको. मार्शल लोकांच्या भाकरीचं काम तिच्याकडं होतं, नवऱ्यानंतरही तिनं ते सोडलं नव्हतं. हाताला अजून पीठ लागलेलं होतं.

"पोरं काय बाय बोलायल्यात," ती म्हणाली. "आमच्या मालकाचा पाय वाजतोय म्हनं यंत्रात. खरं हाय का वो मॅडम?"

तौसीफनं विशाखाकडं बघितलं. नाही म्हणता आलं असतं. विशाखानं तिला खुर्ची दिली.

"वहिनी, ते खरे नाहीत. यंत्राची आठवण आहे ती. नुसता अंदाज."

"अंदाज तर अंदाज. ऐकवा की."

पावलं आली. ठाम, मग घासत. निलव्वानं पदर तोंडाशी धरला. डोळे मात्र कोरडे होते, आणि ती ऐकत होती ती स्वयंपाकघरातून दारातली चाहूल ऐकावी तशी, मान किंचित कलती करून. काठी वाजली. ठक ठक. पुढं शांतता. विशाखाचा हात सवयीनं स्पीकरकडं गेला. या शांततेच्या पुढं तिला एकदाही जाता आलं नव्हतं.

"थांबा," निलव्वा म्हणाली, पण तोवर आवाज बंद झाला होता. "बोलंना का झाले?"

"यंत्राला फक्त जमीन ऐकू येते. तोंडचं बोलणं नाही ऐकू येत."

"म्हंजी ते बोलत्यात. आपल्याला ऐकू येत न्हाई, एवढंच." निलव्वानं हातावरचं पीठ चोळून काढलं. "मॅडम, त्या दिवशी मी तितंच हुते. डबा घिऊन गेल्ते. तीन येळा बोलले ते. तीन येळा थांबले. मग म्हनले, आत झोपल्यात वाटतं सगळी, आनि कुनाची तर गाडी पलटी व्हईल म्हून उतरले. चौकशीत मी ह्येच सांगितलं, तर सायेब म्हनले, तू तितं असायलाच नको हुतीस, तुझं काय धरायचं. वरीस झालं. आता माझं मलाच वाटाय लागलंय, खरंच बोलले हुते का मला भास झाला?"

'भास नाही, वहिनी.' एवढंच विशाखाला म्हणायचं होतं. पण मुलीचं शिक्षण डोळ्यांसमोर आलं, शितोळे आले, स्वतःची सही आली. ती म्हणाली, "पाणी घ्या."

निलव्वानं पाणी घेतलं नाही. दाराशी जाऊन ती वळली. "ह्यो थांबनारा मानूस हाय, मॅडम. न सांगता उतरनाऱ्यातला न्हवं. तुमच्या यंत्राला बी म्हाईत हाय ते."

रविवार उजाडला. शर्यत दोनला होती. गॅलरीत पाहुणे बसले. जागतिक संघटनेचे चौघे, महासंघाचे सभासद, पहिल्या रांगेत शितोळे, आणि अगदी दुसऱ्या टोकाला हेरवाडकर. गॅलरी आणि कंट्रोल रूम यांच्यात एक काच होती, आणि आतलं सगळं बाहेरच्या स्पीकरवर ऐकू जात होतं. पाहुण्यांना सगळं उघडंवाघडं दाखवा, अशी शितोळ्यांचीच आज्ञा होती. अकरावर उभा करायला त्यांनी एक मार्शल पाठवला होता. विशाखानं त्याला सकाळीच गुपचूप दहावर पाठवून दिलं.

दोनला पाच मिनिटं होती. पडद्यावर वीसच्या वीस चौक्या दिसत होत्या. आठांवर 'रिकामी' असं होतं, बारांवर 'हजर'. शितोळ्यांनी काचेतून अंगठा दाखवला.

विशाखानं रेडिओच्या बटणाला हात लावला आणि आवाज शेवटपर्यंत मोठा केला. खरखर इतकी वाढली, की तौसीफ दचकला.

"सगळ्या चौक्यांना," ती म्हणाली. "आज जुन्या पद्धतीनं हजेरी होईल. तोंडानं."

ही हजेरी दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. टीव्हीच्या वेळातली चार मिनिटं फुकट जातात म्हणून. गॅलरीत जुनेजाणते सभासद एकदम सावरून बसले.

"एक नंबर."

"एक, हजर."

"दोन रिकामी. तीन नंबर."

"तीन हजर, मॅडम! लई दिवसांनी!"

कुणीतरी हसलं. पाहुण्यांनाही गंमत वाटली असावी, त्यातल्या एकानं मोबाइलवर चित्रण सुरू केलं. हजेरी पुढं सरकत गेली. दहा नंबरच्या माणसानं दमदार आवाजात हजर म्हटलं.

"अकरा नंबर."

रेडिओवर नुसती खरखर राहिली. पडद्यावर हिरवा दिवा जळत होता.

"अकरा नंबर, हजर आहात का?"

काही नाही. शितोळे उठून उभे राहिले. विशाखानं तौसीफकडं बघितलं. सांगितलेलं नसतानाही त्यानं मोठ्या पडद्यावर कॅमेरा लावला. एका बाजूला 'माणूस एक, कठड्याच्या आत' आणि दुसऱ्या बाजूला रिकामा आडोसा, उन्हात वाळलेलं गवत. मग त्यानं भूकर्णाचा स्पीकरही उघडला. ती पावलं गॅलरीभर ऐकू आली. ठाम, घासत. ठाम, घासत. ज्या मार्शलांपर्यंत ती रेडिओवरून पोचली, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"बंद करा ते!" शितोळे काचेवर हात आपटत होते.

"अकरा नंबरवर कोणी नाही," विशाखा माईकमध्ये म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटत होता. "हा बसाप्पा हुक्केरी यांचा पाय आहे. ते गेल्या वर्षी याच दिवशी गेले. तिथली जमीन तेव्हाही बहिरी होती आणि आजही आहे. पडदा अंदाज करतोय. अंदाज करताना तो राखाडी दिसायचा, ते मीच बंद करायला लावलं."

हेरवाडकरांच्या चेहऱ्यावर हसू पसरू लागलं होतं.

"आणि एक. बसाप्पा न सांगता उतरले नव्हते. ते तीन वेळा बोलले. मला ऐकू आलं नाही, कारण मी रेडिओचा आवाज बारीक केला होता. माझ्या हातानं. चौकशीत मी खोटं लिहून दिलं. निलव्वा हुक्केरी खरं बोलत होत्या." तिनं श्वास घेतला. "आजची शर्यत मी रद्द करतेय. सगळ्या चौक्यांनी लाल झेंडा दाखवावा."

हेरवाडकरांचं हसू मावळलं. पठारावर अकरा लाल झेंडे वर गेले. बारावा जिथं हवा होता, तिथं कुणी नव्हतं.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. शितोळे पडले. हेरवाडकर अध्यक्ष झाले आणि त्यांनी पहिली सही केली ती विशाखाच्या निलंबनावर. दुसरी सही जागतिक संघटनेला पाठवलेल्या पत्रावर, की राखाडी रंगासह भूकर्ण उपलब्ध आहे. बसाप्पाचं नाव खांबावर कधी रंगवलं ते कुणी सांगत नाही. सोमवारी सकाळी ते तिथं होतं, आणि ते पुसायची हिंमत कुणाला झाली नाही.

मंगळवारी धागा जोडायचा होता. विशाखा आपलं सामान न्यायला आली, तर कंट्रोल रूममध्ये निलव्वा बसलेली. तौसीफनं फोन करून तिला बोलावून घेतलं होतं.

विशाखा दारातच थांबली. तिला कुठं बघावं ते कळेना.

"तुमच्यावर लई राग हाय माझा," निलव्वा म्हणाली. "सरायचा बी न्हाई. पर आज ह्यो तार जोडनार. एकदा जबाब द्या त्यास्नी. वरीसभर थांबल्यात."

"वहिनी, यंत्राला माझं ऐकू जाणार नाही."

"मला जाईल की."

तौसीफनं चाचणीची गाडी सोडली आणि स्पीकर लावला. पावलं आली. काठी वाजली, ठक ठक. मग ती शांतता. विशाखाचा उजवा हात उचलला गेला. तिनं तो डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला, आणि माईकशी वाकली.

"अकरा, ऐकलं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "ऐकलं, बसूअण्णा. उतरू नका. गाडी येतेय. उतरू नका."

चार सेकंद काहीच झालं नाही. मग पावलं पुन्हा सुरू झाली. कठड्याच्या बाहेर, उतारावरून खाली, डांबरावर. ठाम, घासत. विशाखानं डोळे मिटून घेतले. आता काय ऐकू येणार, ते तिला वर्षभर माहीत होतं.

पण ते आलं नाही. पावलं थांबली, काहीतरी उचलल्यासारखी थरथर झाली, आणि पावलं मागं फिरली. उतार चढून कठड्याच्या आत आली. गाडी सुळकन निघून गेली. काठी पुन्हा वाजली, ठक ठक.

"हे कसं?" विशाखानं विचारलं.

तौसीफनं स्पीकर बंद केला. "धागा त्याच्या बारा दिवस आधी तुटला होता, मॅडम. त्या दिवसाचं याला काही माहीतच नाही. त्याआधीची आठ वर्षं तेवढी माहीत आहेत. त्या आठ वर्षांत ते दर वेळी परत आले."

निलव्वानं पदरानं तोंड पुसलं.

"आले न्हवं परत," ती म्हणाली. "जोड आता तार."

तौसीफ हत्यारांची पेटी घेऊन खाली गेला. दोघी बायका खिडकीशी उभ्या राहून तो अकरा नंबरपर्यंत चालत जाताना बघत होत्या. पाऊण तासानं पडद्यावरचा हिरवा दिवा विझला आणि तिथं 'रिकामी' असा शब्द आला. विशाखानं आपली पिशवी उचलली. रेडिओचा आवाज तिनं मोठाच राहू दिला.